तळघर नाही, मग बिअर मुरवायची कुठे?

अरे, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तळघर कुठून आणणार, पण म्हणून बाटल्या माळ्यावर टाकू नकोस, मे महिन्यात तिथं भट्टी होते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. 10 ते 13 डिग्री मिळालं की बेस्ट. मी जुना सिंगल डोअर फ्रिज घेतला, बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावला आणि 12 वर सेट केला, खरंच सांगतो, एवढा एक खर्च कर. तोवर आतल्या खोलीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, बाटल्या उभ्याच, आणि पूर्ण अंधार, कारण उजेडानं हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, घाण वास सुटतो, हिरव्या बाटलीत तर लगेच. आणि मुरवायची ती 8 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेली स्टाउट (काळी बिअर) नाहीतर बार्लीवाइन (नावात वाइन, पण कडक बिअरच), आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सवाली बिअर, ताजीच पी.