व्ह्यू बनवला, पण झाडात उघडतच नाही

प्रश्न : नमस्कार. आमच्याकडे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर (माणसांची माहिती झाडासारख्या रचनेत ठेवणारा एलडॅप सर्व्हर) आहे. सगळे कर्मचारी एकाच 'ओयू=पीपल' (ओयू म्हणजे झाडातली फांदी) खाली ठेवलेत, आत कुठलेही फाटे नाहीत. वरिष्ठांना विभागवार झाड हवं होतं म्हणून फिल्टरवाले व्हर्च्युअल व्ह्यू केले. कमांडने सर्च मारला की बरोबर माणसं येतात, पण डीएन (नोंदीचा झाडातला पूर्ण पत्ता) मात्र जुनाच, पीपलवाला. ज्या ग्राफिकल ब्राउझरमधून बाकीचे लोक बघतात त्यात तर व्ह्यू रिकामाच दिसतो. आणि सर्चही स्लो झालाय. काय चुकतंय?

उत्तर : पहिल्या दोन गोष्टींत तुमचं काहीच चुकलेलं नाही. व्ह्यू म्हणजे एंट्री (नोंद) ठेवायची जागा नाही, तो नुसता फिल्टर आहे. तुम्ही ओयूच्या एंट्रीला 'एनएसव्ह्यू' हा ऑब्जेक्टक्लास (एंट्रीचा प्रकार) लावता, 'एनएसव्ह्यूफिल्टर' मध्ये अट लिहिता, आणि कोणी त्या ओयूला बेस (सर्चची सुरुवातीची जागा) धरून सर्च केला की सर्व्हर ती अट लावून खऱ्या जागेवरच्या एंट्र्या आणून देतो. डीएन मुद्दाम बदललेला नाही, कारण कितीतरी ॲप्लिकेशन्स डीएनवरूनच माणूस ओळखतात, एकाच माणसाचे दोन डीएन दिसायला लागले तर ती गडबडतील. एखादं ॲप डीएन धरून वर वर चढत गेलं तर ते पीपलमध्येच पोचणार, तुमच्या व्ह्यूमध्ये नाही.

ब्राउझर रिकामा दिसतो त्याचं कारण बहुतेक 'नमसबॉर्डिनेट्स' असणार. हा ऑपरेशनल ॲट्रिब्यूट (एंट्रीतला, सर्व्हरने स्वतः भरलेला रकाना) एंट्रीखाली खरोखर किती मुलं आहेत ते सांगतो, आणि व्ह्यूमधून दिसणाऱ्या एंट्र्या त्यात मोजल्याच जात नाहीत. काही ब्राउझर शून्य बघतात आणि फांदी उघडायच्या फंदातच पडत नाहीत. बघा, तुमच्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हे चेकिंग बंद करता येतंय का, नाहीतर दुसरा ब्राउझर घ्या, सर्व्हरच्या बाजूने यात फार काही करण्यासारखं नाही.

स्लोचं मात्र तुमच्या हातात आहे. व्ह्यूमधला सर्च आतून मोठा फिल्टर होतो, तुमची अट तर असतेच, शिवाय 'पॅरेंटआयडी' (वरच्या एंट्रीचा अंतर्गत नंबर) आणि 'एंट्रीआयडी' (एंट्रीचा स्वतःचा नंबर) वरच्या अटी सर्व्हर स्वतः जोडतो. यातल्या एकाला जरी इंडेक्स (पटकन शोधायची तयार सूची) नसला तरी सर्च अर्धवट अनइंडेक्स्ड होतो आणि सर्व्हर एंट्र्या एकेक करून तपासत बसतो. ॲक्सेस लॉगमध्ये त्या सर्चच्या रिझल्टच्या ओळीत 'नोट्स=यू' (अर्धवट अनइंडेक्स्ड) किंवा 'नोट्स=ए' (पूर्ण अनइंडेक्स्ड) आलंय का ते आधी बघा. मग फिल्टर जसा आहे तसाच इंडेक्स द्या : 'डिपार्टमेंटनंबर=४०' अशी अट असेल तर इक्वॅलिटी, नुसता तारा ('=*') असेल तर प्रेझेन्स, मध्येच अक्षरं शोधत असाल तर सबस्ट्रिंग. आणि इंडेक्स जोडून थांबू नका, रीइंडेक्स चालवा, कारण जुन्या एंट्र्या त्याशिवाय इंडेक्समध्ये येत नाहीत, हे बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात की इंडेक्सने काही फरकच पडला नाही.

व्ह्यूखाली व्ह्यू केला तर दोन्ही अटी 'आणि' ने जोडल्या जातात. म्हणजे वर विभाग ४० आणि खाली 'एम्प्लॉयीटाइप=कंत्राटी' असेल तर खालच्यात विभाग ४० चेच कंत्राटी लोक येतील, खाली परत विभाग लिहायची गरज नाही. माणूस ४० मधून ५० मध्ये गेला तर एक ॲट्रिब्यूट बदला, पुढच्या सर्चला तो नव्या व्ह्यूमध्ये हजर. डीएन तोच राहतो त्यामुळे ग्रुपमधली मेंबरशिप तुटत नाही. माझ्या मते व्ह्यू वापरायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि तुम्ही पीपल सपाट ठेवलंत ते फार छान केलंत.

परवानग्यांचं मात्र आत्ताच बघून घ्या. व्ह्यूच्या एंट्रीवर एसीआय (परवानगीचा नियम) लावून आतल्या माणसांवर हक्क मिळत नाहीत, ते खऱ्या जागेवरूनच ठरतात. विभागप्रमुखाला फक्त त्याच्या लोकांवर हक्क द्यायचे असतील तर पीपलवरच्या एसीआयमध्ये 'टार्गेटफिल्टर' घालून तीच विभागाची अट लिहा. आणि पुढेमागे डेटा दोन बॅकएंडमध्ये (सर्व्हरच्या आतल्या वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये) वाटायचा विचार असेल तर थांबा, व्ह्यूमधल्या सगळ्या एंट्र्या एकाच बॅकएंडमध्ये असाव्या लागतात.

प्रश्न : आम्ही ओपनएलडॅप (दुसरा एलडॅप सर्व्हर) वापरतो. तिथे हेच जमेल का?

उत्तर : असंच्या असं नाही, एनएसव्ह्यू तिथे नाहीच. विभागवार यादीच हवी असेल तर 'डायनलिस्ट' ओव्हरले (सर्व्हरला जोडायचं जादा मॉड्यूल) लावून डायनॅमिक ग्रुप करा, त्यात एलडॅप यूआरएलमध्ये फिल्टर लिहिला की मेंबर आपोआप भरतात. झाड मात्र मिळणार नाही, ते हवंच असेल तर ॲप्लिकेशनमध्येच प्रत्येक विभागाचा फिल्टर सेव्ह करून ठेवा.