घरातली कामाची खोली आणि प्राप्तिकर

प्रश्न : मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि आता बंगळुरूच्या एका कंपनीचे काम कंत्राटावर, पुण्यातील भाड्याच्या घरातून करतो. २०२५-२६ मध्ये मला २२ लाख रुपये मिळाले. त्यावर १० टक्के टीडीएस कापला गेला. घराचे भाडे दरमहा ३०,००० रुपये आहे आणि ६०० चौरस फुटांपैकी १२० चौरस फुटांची खोली मी केवळ कामासाठी वापरतो. भाडे, वीज, इंटरनेट, लॅपटॉप, टेबल-खुर्ची यांचा किती खर्च दाखवता येईल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : खर्च किती दाखवता येईल, याच्या आधी तो दाखवण्याची गरज आहे का, हे पाहू, कारण आपल्या बाबतीत उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल.

कंपनीने कर कोणत्या कलमाखाली कापला आहे, हे प्रथम २६एएस मध्ये (आपल्या नावे कापलेल्या कराच्या प्राप्तिकर खात्याकडील उताऱ्यात) तपासावे. तेथे १९४जे असेल, तर आपण व्यावसायिक आहात. १९२ असेल, तर कंपनीने आपल्याला पगारदार मानले आहे आणि पगारदाराला घरातील खोलीचा खर्च वजा करता येत नाही. दहा टक्के कपात झाली आहे, त्यावरून आपण १९४जे मध्ये असावात असे धरून पुढे लिहितो.

माहिती तंत्रज्ञान हा कलम ४४एडीए मधील विनिर्दिष्ट (कायद्याच्या यादीत नाव असलेल्या) व्यवसायांपैकी एक आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत), तर जमेचा निम्मा भाग उत्पन्न म्हणून जाहीर करून मोकळे होता येते. उरलेला निम्मा भाग हा आपला खर्च, असे कायदाच गृहीत धरतो. त्या निम्म्यात आपली खोली, वीज, लॅपटॉपवरील घसारा (वापराने दरवर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट) असे सारे काही आले. अनेक वाचक ५० टक्के उत्पन्न दाखवून त्यातून पुन्हा घरभाड्याचा हिस्सा वजा करू पाहतात. तो एकच खर्च दोनदा घेण्याचा प्रकार असून कायद्याला मान्य नाही.

तरीही प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब मांडून पाहू. खोली घराच्या एकपंचमांश आहे, म्हणून वर्षाच्या ३,६०,००० रुपये भाड्यापैकी ७२,००० रुपये कामाचे. राहत्या घराचा काही भाग व्यवसायासाठी वापरला, तर त्या प्रमाणातच खर्च मिळतो, असे कलम ३८ सांगते. विजेचे प्रमाण मात्र चौरस फुटांवर ठरवण्यापेक्षा वापरावर ठरवणे अधिक पटण्याजोगे असते. वर्षाचे बिल ३६,००० रुपये असेल आणि दिवसभर संगणक व पंखा चालत असेल, तर १२,००० रुपये वावगे ठरू नयेत. इंटरनेटचे ९,००० धरू. लाखाचा लॅपटॉप एकदम खर्ची टाकता येत नाही. संगणकावर ४० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ४०,००० रुपये घसारा मिळतो, आणि तो वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर त्याच्या निम्मा. तीस हजारांच्या फर्निचरवर १० टक्क्यांनी ३,०००. ही बेरीज होते १,३६,०००. सॉफ्टवेअर, फोन आणि सीएंची फी यांचे ६४,००० मिळवले, तरी एकूण दोन लाखांवर जात नाही.

एकीकडे कागदपत्रांनिशी सिद्ध करायचे दोन लाख आणि दुसरीकडे एकही पावती न दाखवता मिळणारे अकरा लाख! शिवाय ५० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्न दाखवायचे आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर हिशेबवह्या ठेवणे आणि त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक होते. ज्याचा खरा खर्च जमेच्या निम्म्याहून बराच जास्त आहे, उदाहरणार्थ ज्याने हाताखाली माणसे ठेवली आहेत, त्यानेच त्या वाटेला जावे.

आपले उत्पन्न यामुळे ११ लाख ठरते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची पूर्ण सवलत आहे. म्हणून ठेवींचे व्याज वगैरे मिळवूनही आपण १२ लाखांच्या आत राहिलात, तर कर शून्य होईल आणि कापलेले २,२०,००० रुपये आयटीआर-४ हे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील. शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर मात्र ही सवलत लागत नाही. कलम ८०जीजी मधील घरभाड्याची वजावट जुन्या प्रणालीतच मिळते आणि ती महिना ५,००० रुपयांच्या वर जात नाही. तिच्यासाठी प्रणाली बदलणे आपल्याला परवडणार नाही.

आपण विचारलेले नाही, पण एक गोष्ट सांगणे भाग आहे. सेवांची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते, आणि आपण ती मर्यादा ओलांडली आहे. नोंदणी असलेल्या व्यक्तीने राहते घर स्वतःसाठी, व्यक्तिगत नात्याने भाड्याने घेतले असेल तर भाड्यावर जीएसटी नाही. तेच भाडे व्यवसायाच्या खाती टाकले, तर रिव्हर्स चार्जने (घरमालकाऐवजी भाडेकरूने) १८ टक्के कर भरण्याचा प्रश्न उभा राहू शकतो. भाडे वह्यांबाहेर ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

(२०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ चे विवरणपत्र १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरायचे असल्याने येथे जुने क्रमांक दिले आहेत.)

प्रश्न : मी जर्मन-मराठी व जर्मन-इंग्रजी अनुवाद करते. वर्षाला सुमारे १७ लाख रुपये मिळतात. नाशिकमधील फ्लॅट माझ्याच नावावर असून त्यावर गृहकर्ज आहे. एका खोलीत माझे कार्यालय आहे. त्या खोलीचे भाडे मी स्वतःलाच देते असे दाखवले तर चालेल का? मलाही ५० टक्क्यांची सोय मिळेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्वतःला भाडे देता येत नाही. दोन्ही खिसे आपलेच असल्याने तो खर्च होतच नाही.

५० टक्क्यांच्या सोयीबाबत सावध राहावे. विनिर्दिष्ट व्यवसायांच्या यादीत वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट अशी नावे आहेत, चित्रपटाचे संवादलेखकही आहेत, अनुवादक नाहीत. अनुवादाला ‘तांत्रिक सल्ला’ म्हणून त्यात बसवणारे भेटतात, पण मी तसा सल्ला देणार नाही. आपल्यासारख्यांना खरा खर्चच दाखवावा लागतो आणि म्हणूनच घरातील खोलीचा प्रश्न आपल्या बाबतीत खऱ्या अर्थाने महत्त्वाचा ठरतो.

खोलीच्या प्रमाणात घरपट्टी, घराचा विमा, चालू दुरुस्ती, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज आणि गृहकर्जावरील व्याज खर्ची टाकता येते. कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल मात्र खर्च नव्हे. व्याजाचा जो हिस्सा व्यवसायात घेतला, तो घराच्या उत्पन्नाच्या शीर्षाखाली पुन्हा घेऊ नये. खोलीचे मोजमाप एका साध्या नकाशावर लिहून, तारीख घालून ठेवावे आणि प्रमाण दरवर्षी सोयीप्रमाणे बदलू नये. अधिकाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा तेच भरते.

घराच्या त्या भागावर घसाराही मिळतो, राहत्या इमारतीसाठी ५ टक्के. परंतु ज्या भागावर घसारा घेतला, त्याच्या विक्रीवरील नफा कलम ५० प्रमाणे अल्पकालीन धरला जातो, घर वीस वर्षांचे असले तरी. हा घसारा ऐच्छिक नाही, मागितला नाही तरी तो दिला गेल्याचे कायदा मानतो, म्हणून पुढचे हे ओझे आधीच लक्षात घ्यावे. 

प्रश्न : घर वडिलांचे आहे. वरच्या मजल्यावरील खोलीत मी काम करतो व त्यांना दरमहा १२,००० रुपये रोख देतो. हा खर्च धरला जाईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वडिलांना भाडे देण्यास कायद्याची आडकाठी नाही, अडचण रोखीची आहे. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो पूर्ण खर्च नामंजूर होतो. रक्कम बँकेतून द्यावी आणि ती परिसरातील दराशी जुळती असावी. वडिलांनी ती त्यांच्या विवरणपत्रात दाखवावी. त्यांना घरपट्टी वजा जाता ३० टक्के सरसकट वजावट मिळते. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, तो बापलेकांतला असला तरी.