गोव्यातल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा इतिहास कुठे शोधावा?

गोव्यात जुनी प्रेस्बिटेरियन मंडळी, म्हणजे त्या प्रोटेस्टंट पंथाचं चर्च, कुठे होती, तिचा इतिहास कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: तेरेखोलच्या पलीकडे, वेंगुर्ल्यात. मी वास्कोत वाढलो, पण माझ्या आजीचा बाप्तिस्मा वेंगुर्ल्याचा.

पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती म्हणजे कॅथलिक, दुसरा प्रकारच नाही. मधली थोडी वर्षं सोडली तर १५६० ते १८१२ इन्क्विझिशनच, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालय, होतं. दोनापावलाला ब्रिटिश दफनभूमी दिसेल. ती नेपोलियनच्या काळात इथे तळ ठोकलेल्या फौजेची. तिच्यात आपल्या मंडळीची मुळं शोधू नका.

मुळं कोल्हापूरकडची. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये तिथे आले, १८७० मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाने घेतलं. मग रत्नागिरी, सांगली, मिरज, आणि १९०० मध्ये वेंगुर्ला. वेंगुर्ल्याची ओळख मात्र झाली ती मिशनच्या दवाखान्यामुळे. तिथल्या गोहीन डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि भारतात अमेरिकेचा राजदूत झाला. मालवणी मातीचा राजदूत, असं आजी म्हणायची.

प्रेस्बिटर म्हणजे वडील. वयाने नव्हे, मंडळीने निवडलेले. बिशप नाही, पाळकसाहेब (पास्टर) आणि वडील मिळून कारभार बघणार. वास्कोत कॅथलिक शेजारी विचारायचे, "तुमचो विगार (पाद्री) कोण?" आमचे पाळकसाहेब बायकोमुलांसह राहतात म्हटलं की त्यांचे डोळे विस्फारायचे.

आता पाटीवर 'प्रेस्बिटेरियन' का सापडत नाही? १९२४ मध्ये आमच्या मंडळ्या काँग्रिगेशनलवाल्यांबरोबर, म्हणजे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाबरोबर, युनायटेड चर्चमध्ये गेल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं. तेव्हा बिशपही आले. आमच्या घरात यावर बरीच वर्षं कुरकुर होती. म्हणून शोधताना 'सीएनआय' हीच अक्षरं बघा.

आणि लग्न-बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं बघायला मागा, नम्रपणे, रविवारची उपासना आटोपल्यावर. आजीची नोंद मला तशीच मिळाली. तिच्या बापाच्या गावाच्या रकान्यात शाईने लिहिलंय: पेडणे, पोर्तुगीज हद्द.