वाचकांचे प्रश्न: 'सहसंशोधक' व्हा म्हणतात, होऊ का?

प्रश्न: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय सुधारायला हवं, यावर एका कॉलेजचा अभ्यास होणार आहे. गावातले दहा जण 'सहसंशोधक' म्हणून घेणार आहेत, मलाही विचारलंय. मागं अशाच एका बैठकीत सह्या घेतल्या, चहा-पोहे दिले, पुढं काहीच कळलं नाही. या वेळी हो म्हणण्याआधी काय विचारू?
— एक वाचक, धारूर तालुका

उत्तर: प्रश्नावली छापून झालीय का, हे आधी विचारा. झाली असेल तर त्यांना फुकटात फॉर्म भरून देणारी माणसं हवी आहेत, एवढाच अर्थ. काय शोधायचं हे ठरतं त्या बैठकीत गावाची माणसं असली पाहिजेत. कॉलेज विचारेल, 'सेवेबद्दल समाधानी आहात का?' गावाला मात्र रात्री नर्सबाई असते का आणि शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या मिळतात की आठवड्याच्या, हे कळायला हवं असतं.

दुसरं, काम कोणत्या महिन्यात आहे? तुमच्या भागातले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, दिवाळीच्या आगेमागे निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. डिसेंबरात घरोघर फिरलात तर दारात म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली पोरं भेटतील. गरोदरपणात उसाच्या फडावर असलेली, लसीकरण चुकलेली घरं यादीतच येणार नाहीत. त्यामुळे निम्मं काम टोळ्या जाण्याआधी आणि निम्मं परतल्यावर करायचं. गटातही दोन-तीन जण ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतले आणि निम्म्या बायका हव्यात. सरपंच किंवा रुग्ण कल्याण समितीचे सदस्य गटात नसलेले बरे. त्यांच्यासमोर कोणी केंद्राविरुद्ध बोलत नाही.

मुलाखतीत सगळ्यात जास्त फसतं ते 'नेहमी' या शब्दानं. 'औषधं नेहमी मिळतात का?' म्हटलं की उत्तर येतं, 'मिळत्यात की, साहेब चांगलेत.' त्याऐवजी असं विचारा: शेवटचं कधी गेला होता? चिठ्ठीवर किती औषधं होती? खिडकीवर किती मिळाली? बाहेरून किती रुपयांची आणली? बारा-पंधरा प्रश्न पुरतात. आधी पाच घरांत विचारून बघा. दोनदा समजावून सांगावा लागला तो प्रश्न बदला. बाईशी बोलताना सासू किंवा नवरा उंबऱ्यात उभा असेल तर ती मुलाखत दुसऱ्या दिवशी घ्या.

ऐकण्याच्या जोडीला मोजणीही करा. केसपेपरला एक चिठ्ठी टाचायची नि तिच्यावर घड्याळ बघून चार गोष्टींची वेळ लिहायची: नंबर लावला, डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, औषध मिळालं. सलग सहा दिवस, त्यात आठवडी बाजाराचा दिवस धरून. बहुतेक वेळ कुठं जातो ते चिठ्ठ्या एका रांगेत मांडल्या की दिसतं. कधी डॉक्टर वेळेवर असतात आणि अडतं ते केसपेपरच्या एकाच खिडकीवर. मग मागणीही बदलते. मात्र यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या, चिठ्ठीवर रुग्णाचं नाव नको, फक्त नंबर.

कॉलेजकडून लेखी घ्यायच्या गोष्टी: नैतिकता समितीची, म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्यांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची मंजुरी (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती लागतेच), बुडालेल्या रोजाचे पैसे, आणि अहवाल छापण्याआधी गावात वाचून दाखवायची तारीख. पैशाचं बोलायला लाजू नका. त्यांचा पगार चालू असतो.

असं काम आपल्याकडं अगदीच नवं नाही. २००७ मध्ये राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव होता. गावानं सेवेला हिरवा (चांगली), पिवळा (बरी) की लाल (वाईट) ते ठरवायचं आणि जनसुनवाईत, म्हणजे अधिकाऱ्यांसमोरच्या जाहीर सभेत, मांडायचं. त्यात हिशेब मागणं होतं. संशोधनात कारणही शोधावं लागतं, म्हणून केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनाही तेवढ्याच नीट विचारा.

प्रश्न: आमच्याकडं अशाच अभ्यासाच्या मुलाखती आशाताईच घेतायत. चालेल?
— एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर: स्वतःच्या गावात नको. तिचा मोबदला त्याच यंत्रणेतून येतो, आणि तिच्याच कामाबद्दल तिच्या तोंडावर कोण बोलणार? शेजारच्या गावाशी अदलाबदल करा. प्रश्न ठरवताना मात्र तिला बसवाच, आणि त्या दिवसाचे पैसे द्या.