षट्कर्णी : सहा कान कुणाचे?

विट्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : 'गुपित षट्कर्णी झालं' यातले सहा कान कुणाचे? आणि 'षड्यंत्र'मधला 'षड्' तोच का?

कान तिघांचे. पंचतंत्रात 'षट्कर्णो भिद्यते मन्त्रः, चतुष्कर्णः स्थिरो भवेत्' असं येतं. इथला मंत्र म्हणजे मसलत (मंत्री त्यातलाच), आणि 'भिद्यते' म्हणजे चक्क 'फुटतो'. बातमी, पेपर, आमदार. आपल्याकडे हे सगळे फुटतातच.

पण दोघांत टिकणारी मसलत तिसऱ्यापाशी का फुटावी? माझा तर्क असा, की दोघांतली गोष्ट बाहेर गेली तर कुणी सांगितली ते दुसऱ्याला लगेच कळतं. तिसरा आला की 'मी नाही, तो' म्हणायची सोय झाली. त्यात कटाला माणसं लागतात, आणि माणूस जोडायचा तर आधी त्याला सांगावं लागतं.

आमच्या साताऱ्याचंच बघा. ईस्ट इंडिया कंपनीने 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं. त्यांची कैफियत घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं झगडले, रिकाम्या हाताने परतले आणि उठावाच्या तयारीला लागले. शिपाई वळवल्याशिवाय उठाव नाही, आणि वळवायचं म्हणजे कान वाढवायचे. कट फुटला. 8 सप्टेंबर 1857 रोजी गेंडामाळावर 17 जणांना देहदंड दिला, त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. ते स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

इथे 'फितूर' आठवतो. मूळ अरबी. जुन्या कागदांत फितूर म्हणजे बंडाची मसलत; प्रतापसिंहांवरचा एक आरोपही पलटणीतले शिपाई फितवल्याचाच होता. आज कोर्टात फितूर होतो तो साक्षीदार. कट करणारा आणि उलटणारा, दोघांना एकच शब्द! मला तरी हे फार मार्मिक वाटतं.

कुणी म्हणेल, 1943 नंतर साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभं राहिलेलं प्रतिसरकार तर गावोगाव ठाऊक होतं, मग ते कसं टिकलं? तिथे सरकार आहे हे गुपित नव्हतंच. झाकायचं एवढंच, की त्याचे नेते नाना पाटील आज कुठल्या वस्तीवर आहेत. आणि खबऱ्या कोण ते गावात फार दिवस लपत नसे. शिक्षाही तिथेच व्हायची. 'मी नाही, तो' चालायचं नाही.

षड्यंत्रातला 'षड्'ही सहाच, पण कानांचा नव्हे. त्याचा संबंध मारण, मोहन, उच्चाटन वगैरे तंत्रविद्येतल्या षट्कर्मांशी लावतात. मी तरी 'कट' किंवा 'कारस्थान' लिहीन; बातम्यांत हिंदीच्या वळणाने षड्यंत्र फार बोकाळलं आहे. आणि हो, 'षटकर्णी' लिहू नका, ट्‌चा पाय मोडा.