जुना मॅट्रिक्स कीबोर्ड घेताय? आधी त्याचं डोकं तपासा

प्रश्न : मला मॅट्रिक्स म्हणजे सरळ उभ्या-आडव्या रांगांचा, ज्यात बटणं एकमेकांखाली तिरकी सरकलेली नसतात असा प्रोग्रामेबल (कुठल्या बटणाने काय करायचं ते आपण ठरवू शकतो असा) मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचाय. नवा परवडत नाही म्हणून जुन्यात शोधतोय, दोन सापडलेत. एक टिप्रोचा, बिलिंग काउंटरवर वापरलेला, १२८ बटणं आणि मागे गोल जांभळा प्लग. दुसरा प्लँक नावाच्या कीबोर्डसारखा छोटा, ४८ बटणांचा, कुणीतरी घरी सोल्डर केलेला. दोघंही म्हणतात की सगळी बटणं चालू आहेत. कुठला घेऊ आणि काय बघून घेऊ?

उत्तर : 'सगळी बटणं चालू आहेत' एवढ्यावर पैसे काढू नका. बटणाखालचा एखादा स्विच मेला तर तो बदलता येतो, कीकॅप म्हणजे बटणांच्या टोप्या तर आज ना उद्या बदलायच्याच असतात. तुम्हाला प्रोग्रामेबल हवाय ना, मग पहिला प्रश्न हा की आधीच्या मालकाने जे काही भरून ठेवलंय ते पुसून तुमचं भरता येईल का. ते जमणार नसेल तर स्विच कितीही मस्त असू देत, तुम्ही दुसऱ्याच्या दुकानाचा कीबोर्ड विकत घेताय.

टिप्रो ही स्लोव्हेनियातली कंपनी. १२८ वाला म्हणजे ८ रांगा आणि १६ स्तंभ, आणि आत बऱ्याचदा चेरी एमएक्स स्विच निघतात म्हणून शौकीन लोक त्याच्या मागे असतात. यात मांडणी भरायला कंपनीचं चेंजमी नावाचं सॉफ्टवेअर लागतं. जांभळा प्लग म्हणजे पीएस/२, यूएसबीच्या आधीची कीबोर्ड जोडायची पद्धत. आता इथे लोक हमखास फसतात, बाजारात जो छोटासा यूएसबी अडॅप्टर मिळतो तो फक्त तारा जोडतो, कीबोर्डलाच यूएसबी कळत नसेल तर तो काहीही करू शकत नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. आणि त्यातून टायपिंग झालं तरी प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर कीबोर्डपर्यंत पोचेलच असं नाही, त्यासाठी बऱ्याचदा खरं पीएस/२ पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप हाताशी असलेला बरा. (तो प्लग मशीन चालू असताना काढू-घालू नका, पीएस/२ त्यासाठी बनलेलं नाही.)

पळवाट आहे एक, कन्व्हर्टरमध्येच मांडणी बदलायची. एटीमेगा३२यू४ चिपवर टीएमके नावाचं फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्राम) टाकून लोक असा कन्व्हर्टर घरी बनवतात. पण तो कधी चालतो, तर प्रत्येक बटण वेगळा कोड पाठवत असेल तेव्हाच. काउंटरवरच्या कीबोर्डात पाच बटणांवर एकच 'एंटर' आणि दहा बटणांवर मॅक्रो (एका दाबात बरंच काही टाइप करणारे) भरलेले असतात, तिथे कन्व्हर्टरला कुठलं बटण दाबलंय ते ओळखायचा मार्गच नसतो. म्हणून विकणाऱ्याकडून नुसता फोटो मागवू नका, व्हिडिओ मागवा, की टेस्टर (कुठलं बटण दाबलं ते स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम) उघडून प्रत्येक बटण एकेक करून दाबलेलं दिसू दे. शिफ्ट धरून ठेवून अक्षर दाबायला सांगा. काही ठिकाणी शिफ्ट 'दाबलं-सोडलं' असं एका झटक्यात जाईल असं भरलेलं असतं, मग ते धरून ठेवलं तरी अक्षर छोटंच येतं.

बटण बंद निघालं तर कसं बंद आहे ते बघा. एकटंदुकटं असेल तर स्विच किंवा त्याचा डायोड, दोन्ही बदलायला सोपं काम. पण एका ओळीतली सगळी बटणं एकदम गेली असतील तर पीसीबीवरची (आतल्या सर्किट बोर्डवरची) रेषा तुटलीय किंवा कंट्रोलरचा, म्हणजे मुख्य चिपचा, पाय गेलाय, आणि तिथून मागे फिरलेलं बरं. एकदा दाबून दोनदा अक्षर येत असेल तर तो स्विचचा थकवा, तेवढी किंमत कमी करून मागा. खालचं झाकण उघडता येत असेल तर सोल्डरवर हिरवट पावडर दिसते का बघा, चहा-कॉफी सांडलेली तिथे लपत नाही.

छोट्या ४८ वाल्याचं गणित उलटं आहे. यूएसबी आहे, आत क्यूएमके नावाचं फर्मवेअर असणार, म्हणजे प्रोग्रामिंगची चिंता कमी. तरी विचारा की कंट्रोलर कुठला आणि कीमॅपची, म्हणजे कुठल्या बटणावर काय भरलंय त्याची, फाईल देणार का. व्हाया नावाचं सॉफ्टवेअर चालत असेल तर उत्तमच, कोड न लिहिता स्क्रीनवर क्लिक करून बटणं बदलता येतात. प्रो मायक्रो कंट्रोलर असेल तर मायक्रो यूएसबीचं तोंड हलवून बघा, ते उपटून निघण्यासाठी बदनाम आहे. फर्मवेअर बदलताना लागणाऱ्या रीसेट बटणापर्यंत पोचता येतं का तेही बघा.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, असा कीबोर्ड हातात आला की आधी रिकामं नोटपॅड उघडून सगळ्या लेयरची (लेयरचं बटण धरलं की बाकीच्या बटणांना दुसरी कामं मिळतात, तो एकेक थर) सगळी बटणं दाबा. लोक मॅक्रोत स्वतःचे पासवर्ड भरून ठेवतात आणि तसाच विकून टाकतात. मग ते सगळं पुसून स्वच्छ फर्मवेअर टाका, कारण आतला प्रोग्राम कुणी काय लिहिलाय ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

दोनातला मी ४८ वाला घेईन, जर फाईल मिळत असेल तर. टिप्रो तेव्हाच घ्या जेव्हा जुना डेस्कटॉप आहे आणि टेबलावर जागा आहे, तो वजनाला आणि आकाराला चांगलाच दांडगा असतो. पारदर्शक झाकणाच्या कीकॅप असतील तर झाकणं सगळी आहेत का मोजून घ्या, आत कागदाची चिठ्ठी घालून नाव लिहायची सोय त्यावरच आहे.

प्रश्न : मी इनस्क्रिप्टने मराठी टाइप करते. ४८ बटणांच्या अशा कीबोर्डवर जमेल का? आणि देवनागरी अक्षरं थेट कीबोर्डातच भरता येतात का?

उत्तर : दुसऱ्याचं आधी. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाचा कोड पाठवतो, त्याचा मराठी 'क' करायचा की इंग्रजी 'k' ते कॉम्प्युटर ठरवतो. तेव्हा इनस्क्रिप्ट विंडोज किंवा लिनक्समध्येच चालू ठेवा, कीबोर्डात इंग्रजी मांडणीच राहू दे.

जमेल का, तर जमेल पण आधी एक अडचण ओळखून घ्या. इनस्क्रिप्टमध्ये 'ड' आणि 'ढ' इंग्रजी पी च्या उजवीकडच्या चौकोनी कंसाच्या बटणावर आहेत, 'ॉ' बॅकस्लॅशवर, आणि 'ृ' बरोबरच्या चिन्हावर. ४ बाय १२ च्या नेहमीच्या मांडणीत पी च्या उजवीकडे बॅकस्पेस येतो, म्हणजे ही सगळी बटणं दुसऱ्या लेयरवर जातात. 'डॉक्टर' लिहायला गेलात की पहिल्याच अक्षरासाठी दोनदा लेयरचं बटण. एक-दोनदा ठीक, पण रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर वैताग येईल. बॅकस्पेस अंगठ्याखाली आणून त्याच्या मूळ जागी कंस बसवा, 'ड'चा प्रश्न सुटतो. नाहीतर सरळ प्रिऑनिक नावाच्या कीबोर्डसारखा ५ बाय १२ बघा, त्यात आकड्यांची रांग वेगळी मिळते आणि त्या रांगेतले शिफ्टवरचे 'ज्ञ', 'त्र', 'क्ष', 'श्र' पण सुखाने येतात.

प्रश्न : मॅट्रिक्स कीबोर्डने मनगटाचं दुखणं थांबतं का?

उत्तर : त्या भरवशावर घेऊ नका. बटणं सरळ रांगेत आली तरी दोन्ही हात एकाच चिंचोळ्या पट्टीवर येतात आणि मनगट बाहेरच वळलेलं राहतं, छोट्या ४८ वाल्यात तर जास्तच. त्यासाठी दोन तुकड्यांत विभागलेला कीबोर्ड बघा, आणि दुखणं जुनं असेल तर आधी डॉक्टर.