पीडीपी-८/ई: आधी मेमरी की आधी डिस्क?

प्रश्न: माझ्याकडे एक पीडीपी-८/ई, म्हणजे डीईसी कंपनीचं जुनं मिनिकॉम्प्युटर मशीन, आलंय. आत ४ के कोअर मेमरी (बारीक चुंबकीय कड्यांची जुनी मेमरी) आणि सोबत टेलिटाइप (कीबोर्ड आणि छपाई एकत्र असलेलं यंत्र), बाकी काहीच नाही. रिकामे स्लॉट बरेच दिसतायत म्हणून वाटतंय की एकदम ३२ के करून डिस्कपण लावून टाकावी. जमेल का? आणि कुठलंही कार्ड कुठल्याही स्लॉटमध्ये चालतं म्हणतात, ते खरंय का?

उत्तर: जमेल हो, पण ३२ के च्या मागे लगेच लागू नका. १९७० च्या या मशीनचा वर्ड (मेमरीतला एक घटक) १२ बिटचा, म्हणजे सरळ पत्ता फक्त ४०९६ वर्डपर्यंतच पोचतो, आणि त्यापुढे जायचं तर प्रत्येकी ४ के ची आठ फील्ड करून सीडीएफ-सीआयएफ या सूचनांनी एकातून दुसरीत जावं लागतं. हे काम करतं केएम८-ई नावाचं वेगळं कार्ड. ते नसेल तर तुम्ही मेमरी कितीही खोचा, मशीनला पहिली फील्डच दिसणार! म्हणून आधी झाकण उघडून हे कार्ड आहे का ते बघा.

आता स्लॉटचं. ऑम्निबसची, म्हणजे सगळी कार्डं जिच्यात बसतात त्या स्लॉटच्या पाटीची, गंमतच ही की सगळ्या स्लॉटवर तेच सिग्नल असतात, त्यामुळे बऱ्यापैकी मोकळीक आहे, पण फ्रंट पॅनलची जागा ठरलेली, बस लोड कार्ड शेवटी, आणि कोअरची कार्डं शेजारी-शेजारीच हवीत कारण ती वरून कनेक्टरने एकमेकांना जोडतात. ४ के च्या एका सेटला तीन कार्डं लागतात, म्हणजे आठ सेटची चोवीस झाली आणि एका ऑम्निबसला स्लॉट फक्त २०, मग दुसरा ऑम्निबस बसवा, पॉवर सप्लाय झेपतोय का बघा, हे सगळं ओघाने आलंच. ८ के चे सेट मिळाले तर बारा कार्डांत काम होतं. हौशी मंडळींनी केलेली ३२ के ची एकच कार्डंही आहेत, पण मला विचाराल तर निदान एक सेट तरी खरा कोअरचा ठेवा, वीज गेली तरी त्यातलं तसंच राहतं. समोरच्या १२ स्विचांवरून लोडर (बाकीचे प्रोग्रॅम आत आणणारा छोटा प्रोग्रॅम) एकदा हाताने भरला की दुसऱ्या दिवशीही तो जागेवर असतो, अर्थात एखाद्या बिघडलेल्या प्रोग्रॅमने त्यावर लिहून ठेवलं नसेल तर.

डिस्कसाठी ८ के हा खरा टप्पा, कारण ओएस/८ या ऑपरेटिंग सिस्टिमला कमीत कमी तेवढी मेमरी लागतेच. आरके०५ या डिस्कवर साधारण १६ लाख वर्ड मावतात पण ड्राइव्ह जड, कंट्रोलरची तीन कार्डं आणि हेड धुळीला फार नाजूक. सुरुवातीला ८ इंची फ्लॉपीचा आरएक्स०१ बरा, त्याला एकच कार्ड पुरतं. टेलिटाइप सेकंदाला १० अक्षरं छापतो, डिरेक्टरीची यादी मागितली की बसा बघत, म्हणून सिरियल कार्डाचा वेग वाढवून एखादं टर्मिनल जोडलंत तर फरक लगेच जाणवेल.

प्रश्न: बरीच वर्षं बंद असलेलं मशीन थेट चालू केलं तर चालेल?

उत्तर: अजिबात नको. सगळी कार्डं काढा, सप्लायवर दुसरा कसला तरी लोड लावा आणि ५ व्होल्ट, अधिक १५, उणे १५ नीट येतायत का मोजा. जुने कपॅसिटर दगा देतात, आणि ५ ची लाइन वर चढली तर चिप्स गेल्याच समजा.